वेब पेज 'तयार' झाले, हे स्क्रिप्टला कसे कळते?

मोबाइलवर बातमी उघडली की मथळा, फोटो आणि 'शेअर'चे बटण काही क्षणांत दिसू लागते. पण बटणावर बोट लावले तरी कधी कधी काहीच होत नाही. पुन्हा दाबले, तरी नाही. थोड्या वेळाने मात्र तेच बटण मुकाट्याने चालू लागते. नेटवर्क खराब आहे किंवा फोन जुना झाला, असे बहुतेकांना वाटते. तेही कारण असू शकते. पण बऱ्याचदा घोळ वेळेचा असतो. बटण पडद्यावर आलेले असते, मात्र ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, त्या बटणाला अजून जोडलेली नसते.

हे जोडकाम कधी करायचे, हा वेबसाइट बनवणाऱ्यांपुढचा जुना प्रश्न आहे. फार लवकर केले तर स्क्रिप्टला बटण सापडतच नाही. फार उशिरा केले तर वापरणारा ताटकळतो. 'पेज आता तयार आहे' हा क्षण ओळखण्यासाठी अनेक युक्त्या निघाल्या, त्यातल्या काही पुढे अधिकृत नियम झाल्या आणि काही मोडीत निघाल्या.

थोडक्यात:

- पेज 'तयार' होण्याचा क्षण एकच नसतो. मजकुराची रचना आधी तयार होते, फोटो-व्हिडिओ नंतर येतात आणि काही भाग तर त्याच्याही नंतर उगवतात.
- रचना तयार झाल्याची सूचना ब्राउझर 'डॉमकंटेंटलोडेड' या इव्हेंटने देतो. सगळे साहित्य आल्याची सूचना 'लोड' या इव्हेंटने मिळते.
- या दोन्ही सूचना पेज उघडताना एकदाच दिल्या जातात. उशिरा पोहोचलेल्या स्क्रिप्टला त्या ऐकू येत नाहीत. तिने पेजची सध्याची अवस्था तपासावी लागते.
- ठरावीक सेकंद थांबून 'आता झाले असेल' असे गृहीत धरणे हा सर्वांत कच्चा उपाय आहे.

ब्राउझर पेज कसे बांधतो?

सर्व्हरकडून वेब पेज चित्रासारखे तयार येत नाही. येतो तो एचटीएमएल या भाषेतला मजकूर. 'इथे मथळा', 'इथे परिच्छेद', 'इथे अमुक पत्त्यावरचा फोटो', 'इथे बटण' अशा खुणा त्यात असतात. त्यांना टॅग म्हणतात. ब्राउझर हा मजकूर वरून खाली वाचत जातो आणि वाचता वाचता मेमरीत त्याची एक वंशावळ मांडतो. पेजच्या पोटात परिच्छेद, परिच्छेदाच्या पोटात लिंक, अशी ती रचना असते. तिचे नाव 'डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल', म्हणजेच डॉम. पेजवरचे कोणतेही बटण, चौकट किंवा फोटो स्क्रिप्टला हवा असेल तर तो या डॉममध्येच शोधावा लागतो.

हा मजकूर एका दमात येत नाही. तो तुकड्यातुकड्याने येतो आणि जेवढा आला तेवढ्याचे काम ब्राउझर लगेच उरकतो. म्हणूनच संथ नेटवर्कवर लेखाची सुरुवात वाचायला मिळते आणि शेवट अजून वाटेतच असतो.

फोटोचा टॅग दिसला की ब्राउझर त्या फोटोची मागणी नोंदवतो आणि न थांबता पुढे वाचत राहतो. स्क्रिप्टचा साधा टॅग दिसला की मात्र तो वाचन थांबवतो, स्क्रिप्टची फाइल मागवतो, ती चालवतो आणि मगच पुढच्या ओळीकडे वळतो. याचे कारण असे की चालू स्क्रिप्ट त्याच जागी नवा मजकूर घुसवू शकते. त्यामुळे ती काय करणार हे कळेपर्यंत पुढचे वाचून नक्की करता येत नाही. आजचे ब्राउझर या थांबलेल्या वेळात पुढच्या मजकुरावर नजर टाकून लागणाऱ्या फायली आधीच मागवून ठेवतात, पण डॉमची बांधणी मात्र तेवढा वेळ खोळंबतेच.

आता समजा, पेजच्या अगदी वरच्या भागात एक स्क्रिप्ट आहे आणि तिला तळाशी असलेले 'शेअर'चे बटण हवे आहे. ती धावते तेव्हा ब्राउझर त्या बटणापर्यंत पोहोचलेलाच नसतो. तिला उत्तर मिळते 'नल', म्हणजे 'अशी वस्तू नाही'. नसलेल्या वस्तूला काम जोडायला गेल्यावर चूक होते आणि ती स्क्रिप्ट तिथेच थांबते. तिच्यात पुढे लिहिलेली बाकीची कामेही मग होत नाहीत. एका बटणापायी मेनू उघडत नाही, शोधाची चौकट चालत नाही, असे प्रकार यातूनच घडतात.

ताटे मांडली आणि मिठाई आली

यावर उपाय म्हणजे स्क्रिप्टने थांबणे. पण कशासाठी थांबायचे? पंगतीचे उदाहरण घेतले तर फरक चटकन कळतो. ताटे मांडायच्या आधीच वाढप्याने आमटी ओतली तर ती जमिनीवर जाईल. ताटे मांडून झाली की त्याने निघायला हरकत नाही. मिठाईचे डबे हलवायाकडून यायचे आहेत म्हणून आमटी अडवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

ब्राउझरच्या दोन सूचनांमध्ये हाच फरक आहे.

डॉमकंटेंटलोडेड: एचटीएमएलचा मजकूर शेवटपर्यंत वाचून झाला, डॉमची रचना पूर्ण झाली आणि 'नंतर चालवा' असे सांगून ठेवलेल्या स्क्रिप्टही चालून झाल्या, की हा इव्हेंट घडतो. ताटे मांडली गेली. फोटो अजून आलेले नसले तरी चालते.

लोड: फोटो, सीएसएसच्या फायली, आत जडवलेल्या चौकटी असे पेजने सुरुवातीला मागवलेले सगळे साहित्य आल्यावर हा इव्हेंट घडतो. मिठाईचे डबे आले.

मजकूर थोडा आणि फोटो भरपूर अशा पेजवर या दोन क्षणांमध्ये बरेच अंतर पडू शकते. वेगवान वायफायवर ते जाणवत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये किंवा घाटात नेटवर्क अडखळत असताना मात्र पहिली सूचना लवकर येते आणि दुसरीला बराच वेळ लागतो. बटणाला काम जोडायला पहिली सूचना पुरेशी असताना प्रोग्रॅमरने दुसरीची वाट पाहिली, तर तेवढा सगळा वेळ बटण नुसते शोभेचे राहते.

यात एक बारकावा आहे. सीएसएसची फाइल डॉमच्या बांधणीला थेट अडवत नाही. पण तिच्यानंतर एखादी स्क्रिप्ट असेल तर ब्राउझर आधी ती सीएसएस येऊ देतो आणि मगच स्क्रिप्ट चालवतो, कारण स्क्रिप्टला एखाद्या वस्तूचा रंग किंवा उंची विचारायची असू शकते. त्यामुळे रेंगाळलेली सीएसएस फाइल डॉमकंटेंटलोडेडलाही लांबवू शकते.

घोषणा आणि फलक

इव्हेंट म्हणजे एसटी स्थानकातली घोषणा. ती झाली तेव्हा जे हजर होते त्यांनी ऐकली. नंतर आलेला प्रवासी कितीही वेळ कान देऊन बसला तरी ती पुन्हा होणार नाही. उशिरा पोहोचलेल्या स्क्रिप्टचे नेमके असेच होते. ती डॉमकंटेंटलोडेडची वाट पाहत बसते, तो इव्हेंट केव्हाच घडून गेलेला असतो आणि तिचे काम कधीच सुरू होत नाही. चूक दाखवणारा संदेशही कुठे येत नाही, त्यामुळे हा दोष शोधायला अवघड जातो. त्यातून तो कधी दिसतो, कधी नाही. फाइल लवकर आली तर सगळे सुरळीत, उशिरा आली तर गप्प.

यासाठी ब्राउझरने घोषणेच्या जोडीला एक फलकही ठेवला आहे. त्याचे नाव 'डॉक्युमेंट.रेडीस्टेट'. तो कधीही वाचता येतो आणि त्यावर तीनपैकी एक शब्द असतो.

- लोडिंग: एचटीएमएल वाचन अजून चालू आहे.
- इंटरॅक्टिव्ह: वाचन संपले, डॉम तयार आहे, फोटो वगैरे अजून येत असतील.
- कम्प्लीट: सगळे साहित्य आले, 'लोड' इव्हेंट आता घडेल किंवा घडून गेला आहे.

म्हणून खात्रीची पद्धत दोन पायऱ्यांची आहे. स्क्रिप्टने आधी फलक पाहावा. 'लोडिंग' असेल तर डॉमकंटेंटलोडेडसाठी कान द्यावेत; दुसरा कोणताही शब्द असेल तर वाट न पाहता काम सुरू करावे. चार-पाच ओळींत मावणारी ही तपासणी आजही असंख्य वेबसाइटच्या पोटात आहे.

युक्त्यांचा काळ

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार केली. तेव्हापासून 'पेज पूर्ण आले' हे सांगणारी सोय होती ती 'ऑनलोड'ची, म्हणजे मिठाई येईपर्यंत थांबण्याची. सुरुवातीच्या साध्या पेजना ती पुरली. पुढे पेजवर फोटो वाढले, त्याबरोबर मेनू, टॅब, फॉर्मची तपासणी अशी स्क्रिप्टची कामेही वाढली आणि ही वाट पाहणे जाचक होऊ लागले.

मोझिलाच्या ब्राउझरमध्ये डॉमकंटेंटलोडेड होता. ऑपेरा आणि सफारीत तो नंतर आला. तेव्हा सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये मात्र तो नव्हता. मग प्रोग्रॅमर वळसे शोधू लागले. डीन एडवर्ड्स यांनी २००५-०६ च्या सुमारास या वेगवेगळ्या ब्राउझरसाठीच्या युक्त्या एकत्र बांधल्या. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये 'नंतर चालवा' अशी खूण केलेली एक पोकळ स्क्रिप्ट पेजमध्ये घालायची आणि तिची पाळी आली की डॉम तयार झाला असे समजायचे. सफारीत दर काही मिलिसेकंदांनी रेडीस्टेटचा फलक वाचत राहायचे.

डिएगो पेरिनी यांनी आणखी चमत्कारिक वाट काढली. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये पेज सरकवण्याची 'डूस्क्रोल' नावाची आज्ञा होती. डॉम तयार होण्यापूर्वी ती दिली तर ब्राउझर चूक दाखवत असे. मग ती आज्ञा पुन्हा पुन्हा देत राहायची. ज्या क्षणी चूक येणे थांबेल, तो क्षण पेज तयार झाल्याचा! ही युक्ती अनेक लायब्ररींनी वर्षानुवर्षे वापरली.

सामान्य प्रोग्रॅमरला या कटकटीतून सोडवले ते जेक्वेरीने. जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये आणलेल्या या लायब्ररीत 'रेडी' नावाची एकच सोय होती. काय करायचे ते तिच्या हवाली करायचे. कोणत्या ब्राउझरमध्ये कोणती युक्ती लागू करायची हे जेक्वेरी पाहून घेई. डॉम आधीच तयार झालेला असला, तरी ती सोपवलेले काम पार पाडत असे, म्हणजे घोषणा आणि फलक दोन्ही तीच सांभाळत असे. त्या पिढीतल्या अनेकांनी जावास्क्रिप्टची पहिली ओळ लिहिली ती हीच.

इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये डॉमकंटेंटलोडेड आला तो नवव्या आवृत्तीत, २०११ साली. तिथून वळशांची गरज कमी होत गेली. २०१६ मध्ये आलेल्या जेक्वेरी ३ ने 'रेडी' लिहिण्याच्या बाकीच्या पद्धती जुन्या ठरवून एकच साधी पद्धत शिफारशीत ठेवली.

वाट पाहण्याऐवजी योग्य जागी बसणे

थांबायचे कसे, याच्या जोडीला दुसरा विचारही पुढे आला. स्क्रिप्ट मुळातच योग्य वेळी धावेल अशी सोय केली तर तिला वाट पाहण्याची गरजच काय?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे स्क्रिप्टचा टॅग पेजच्या तळाशी ठेवणे. तिथपर्यंत ब्राउझर पोहोचला म्हणजे वरचे सगळे वाचून झालेलेच असते. स्टीव्ह साउडर्स यांच्या २००७ च्या वेग-विषयक पुस्तकातल्या नियमांमध्ये हा सल्ला होता आणि तो पुढे सर्वत्र पाळला गेला.

दुसरा मार्ग म्हणजे टॅगवर 'डिफर' असा शब्द लिहिणे. फाइल बाहेरची असेल तर ब्राउझर ती मागवतो, पण वाचन थांबवत नाही. डॉम पूर्ण झाल्यावर, डॉमकंटेंटलोडेडच्या आधी, अशा सगळ्या स्क्रिप्ट लिहिलेल्या क्रमानेच चालतात. डिफर नवा नाही. १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्येही तो होता. पण सगळ्या ब्राउझरमध्ये तो भरवशाने चालायला बरीच वर्षे गेली.

'एसिंक' हा शब्द दिसायला त्याचा भाऊ, पण स्वभावाने वेगळा. त्यातही वाचन न थांबवता फाइल मागवली जाते, पण ती हाती येताच लगेच चालवली जाते. डॉम तयार असो वा नसो, आधीची स्क्रिप्ट आली असो वा नसो. पेजवरच्या वस्तूंशी संबंध नसलेल्या कामाला, उदाहरणार्थ किती जणांनी पेज पाहिले याच्या मोजणीला, एसिंक ठीक आहे. बटणाशी बोलणाऱ्या स्क्रिप्टवर तो लावला तर कधी चालेल, कधी नाही. एका स्क्रिप्टने पेजमध्ये नव्याने घातलेली बाहेरची स्क्रिप्टही मुळात एसिंकसारखीच वागते.

आधुनिक पद्धतीच्या 'मॉड्यूल' स्क्रिप्ट काही न लिहिताही डिफरसारख्या थांबतात. त्यामुळे आज नव्याने लिहिलेल्या पेजवर बहुतेक कामांसाठी डॉमकंटेंटलोडेडची वेगळी वाट पाहावी लागत नाही.

'दोन सेकंद थांबू' का चालत नाही?

घाईत असलेला प्रोग्रॅमर कधी कधी 'सेटटाइमआउट' वापरून स्क्रिप्टला दोन सेकंद थांबवतो. त्याच्या लॅपटॉपवर पेज अर्ध्या सेकंदात येते, त्यामुळे सगळे ठीक दिसते. पण स्वस्तातल्या फोनवर, कमकुवत नेटवर्कवर तेच पेज पाच सेकंद घेते आणि स्क्रिप्ट रिकाम्या डॉमवर धडकते. चांगल्या फोनवर उलटा तोटा होतो. पेज तयार असूनही दीड सेकंद वाया जातो. घड्याळ वेळ सांगते, पेजची अवस्था सांगत नाही.

वेबसाइट आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रॅमनाही हाच प्रश्न पडतो. सेलेनियम या साधनात म्हणूनच किती थांबायचे याचे तीन पर्याय आहेत: अजिबात न थांबणे, डॉम तयार होईपर्यंत थांबणे आणि पूर्ण लोड होईपर्यंत थांबणे. त्यापुढे 'अमुक बटण दिसेपर्यंत थांब' अशी नेमकी अटही घालता येते. ठरावीक सेकंद झोपवण्यापेक्षा ती कधीही बरी.

फोटो, फॉन्ट आणि देवनागरी

डॉम तयार झाला म्हणजे सगळ्या कामांना मोकळीक मिळते असेही नाही. फोटोची खरी उंची-रुंदी मोजून चौकट आखणाऱ्या स्क्रिप्टला तो फोटो येईपर्यंत थांबावेच लागते. पण त्यासाठी संपूर्ण पेजच्या 'लोड'ची गरज नाही. प्रत्येक फोटोचा स्वतंत्र 'लोड' इव्हेंट असतो. हव्या त्या फोटोपुरते थांबता येते.

मजकुराचेही तसेच. वेबसाइटने स्वतःचा फॉन्ट मागवला असेल तर तो येईपर्यंत ब्राउझर अनेकदा फोनमधल्या फॉन्टमध्ये अक्षरे दाखवतो. नंतर फॉन्ट बदलतो, ओळी लहान-मोठ्या होतात आणि मजकूर हलतो. देवनागरीत जोडाक्षरे आणि मात्रा यांमुळे फॉन्टमध्ये बऱ्याच आकृत्या ठेवाव्या लागतात, म्हणून हा बदल मराठी पेजवर सहज नजरेत भरतो. मथळा एका ओळीत बसतो का, हे मोजणाऱ्या स्क्रिप्टने 'डॉक्युमेंट.फॉन्ट्स.रेडी' या वेगळ्या सूचनेची वाट पाहायला हवी. ती न पाहिल्यास माप जुन्या फॉन्टचे आणि मजकूर नव्या फॉन्टचा, असा प्रकार होतो.

रोमन कळा दाबून देवनागरी उमटवणारी स्क्रिप्ट हेही बोलके उदाहरण आहे. ती लिहिण्याच्या चौकटीला जोडली जाण्यापूर्वीच कुणी टंकायला सुरुवात केली, तर पहिली अक्षरे रोमनच राहतात आणि पुढची देवनागरी होतात. तिला फोटोंची काहीच गरज नसते. ती 'लोड'साठी थांबली तर त्रास लिहिणाऱ्याला होतो.

पुन्हा पुन्हा तयार होणारी पेजेस

सोशल मीडियाच्या अनेक वेबसाइटवर एका पोस्टवरून दुसरीकडे गेले तरी नवे पेज उघडत नाही. वरचा पत्ता बदलतो, पण आतला भाग स्क्रिप्टच बदलून टाकते. खाली सरकत गेले की नव्या पोस्ट येत राहतात. डॉमकंटेंटलोडेड घडतो तो फक्त पहिल्यांदा उघडताना. त्यानंतर उगवलेल्या शेकडो पोस्टची घोषणा होत नाही.

ब्राउझरमध्ये बसवलेली एक्स्टेन्शन इथेच अडखळतात. एक्स्टेन्शनच्या स्क्रिप्टला पेज सुरू होताना, डॉम तयार झाल्यावर किंवा त्यानंतर सवड मिळाल्यावर धावण्याचा पर्याय क्रोममध्ये देता येतो. पण नंतर आलेल्या पोस्टना तो लागू होत नाही. म्हणून एखादे एक्स्टेन्शन पहिल्या पोस्टवर चालते आणि दुसऱ्यावर नाही.

त्यावर दोन उपाय रूढ आहेत. पहिला, प्रत्येक बटणाला वेगळे काम न जोडता संपूर्ण डॉक्युमेंटवर एकच पहारेकरी ठेवणे. कुठेही बोट लागले तरी ती खबर वर चढत त्याच्यापर्यंत पोहोचते आणि तो पाहतो की दाबलेले बटण कोणते. मग बटण आज आले काय किंवा दहा मिनिटांनी, फरक पडत नाही. दुसरा, 'म्युटेशनऑब्झर्व्हर'. डॉममध्ये काही नवे जोडले किंवा काढले गेले की तो स्क्रिप्टला कळवतो.

'मागे' जाण्याचे बटणही असाच चकवा देते. आजचे ब्राउझर सोडलेले पेज काही काळ जसेच्या तसे गोठवून ठेवतात आणि मागे आल्यावर तेच पुन्हा जिवंत करतात. फायरफॉक्समध्ये ही सोय २००५ च्या १.५ आवृत्तीपासून आहे. पेज झटकन दिसते, पण डॉमकंटेंटलोडेड आणि लोड पुन्हा घडत नाहीत. फॉर्म पाठवताना निष्क्रिय केलेले 'पाठवत आहे' हे बटण मागे आल्यावरही तसेच अडकून राहते, ते यामुळेच. अशा वेळी 'पेजशो' हा इव्हेंट उपयोगी पडतो. पेज गोठवलेल्या अवस्थेतून परत आले आहे का, हेही तो सांगतो.

दिसते, पण चालत नाही

अनेक आधुनिक वेबसाइट सर्व्हरवरूनच पूर्ण सजलेले पेज पाठवतात, म्हणजे वाचकाला ते लगेच दिसते. मग मागाहून मोठी जावास्क्रिप्ट येते आणि त्या पेजमध्ये जीव भरते. या प्रक्रियेला 'हायड्रेशन' म्हणतात. ती पुरी होईपर्यंतचा काळ फसवा असतो. डॉम तयार असतो, फलकही तसे सांगतो, तरी बटण मुके असते.

गूगलने २०२० मध्ये वेब पेजच्या अनुभवासाठी काही मोजमापे मांडली. त्यात २०२४ च्या मार्चपासून 'इंटरॅक्शन टू नेक्स्ट पेंट' हे मोजमाप आले. बोट लावल्यापासून पडद्यावर काही बदल दिसेपर्यंतचा वेळ ते मोजते आणि २०० मिलिसेकंदांपर्यंतचा वेळ चांगला मानते. पण ज्या बटणाला अजून काही जोडलेलेच नाही, त्याची अडचण नुसत्या वेगाने सुटत नाही.

ती सुटते पेज मुळातून नीट लिहिल्याने. एचटीएमएलमधली खरी लिंक आणि खरा फॉर्म यांना स्क्रिप्ट लागत नाही. स्क्रिप्ट आली तर सोय वाढते. नाही आली तरी लिंक उघडते आणि फॉर्म जातो. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेने २०१३ मध्ये आपल्या वेबसाइटवर तपासले तेव्हा १.१ टक्के भेटींमध्ये जावास्क्रिप्टची सोय पोहोचलीच नव्हती. त्यातल्या ०.२ टक्के लोकांनी ती बंद ठेवली होती किंवा त्यांच्या ब्राउझरमध्ये ती नव्हती. उरलेल्या ०.९ टक्क्यांच्या ब्राउझरमध्ये ती चालायला हवी होती, तरीही चालली नव्हती. अर्ज, दाखला किंवा पैसे भरण्याच्या पेजवर असा एकेक माणूस महत्त्वाचा असतो.

नेहमीचे प्रश्न

वरचे फिरणारे चक्र थांबले म्हणजे पेज तयार झाले का?
तसे नक्की म्हणता येत नाही. ते चक्र साधारणपणे 'लोड'शी जोडलेले असते. बटणे त्याच्या कितीतरी आधी चालू झालेली असू शकतात किंवा त्यानंतरही बंद असू शकतात.

बटण प्रतिसाद देत नसेल तर पुन्हा पुन्हा दाबावे का?
पैसे भरताना किंवा अर्ज पाठवताना नको. मुके वाटणारे बटण प्रत्यक्षात काम करत असू शकते आणि मागणी दोनदा जाऊ शकते. थोडे थांबावे आणि पुन्हा दाबण्याआधी व्यवहार झाला का, हे बँकेच्या संदेशात किंवा ॲपमध्ये पाहावे.

पेज रिफ्रेश केल्यावर बटण का चालते?
पहिल्यांदा मागवलेल्या फायली अनेकदा फोनमध्ये साठून राहतात. दुसऱ्या वेळी त्या लगेच मिळतात, वेळेचा क्रम बदलतो आणि तीच स्क्रिप्ट योग्य क्षणी धावते. दोष गेलेला नसतो, तेवढ्यापुरता टळलेला असतो.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने नेमके काय निवडावे?
- बटण, मेनू, फॉर्म यांना काम जोडायचे असेल तर डिफर किंवा मॉड्यूल.
- स्क्रिप्ट कधी पोहोचेल हे ठाऊक नसेल तर आधी रेडीस्टेट तपासावा, मग गरज असल्यास डॉमकंटेंटलोडेडची वाट पाहावी.
- फोटोचे माप हवे असेल तर त्या फोटोचा लोड. अक्षरांचे माप हवे असेल तर फॉन्टची सूचना.
- नंतर येणाऱ्या वस्तूंसाठी डॉक्युमेंटवरचा पहारेकरी किंवा म्युटेशनऑब्झर्व्हर.
- 'मागे' येणाऱ्यांसाठी पेजशो.
- संपूर्ण पेजचा लोड फक्त तेव्हाच, जेव्हा खरोखर सगळ्या साहित्याची गरज असेल.